अळणी समुद्र

गणपतीत अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये जो भेटला त्याने एकच प्रश्न विचारला, "मग, कशी झाली क्रूझ?" मीही प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "मस्त झाली." मग कोपनहेगनचे कालवे, जहाजावरचे ते न संपणारे बुफे, रात्री नऊपर्यंत न मावळणारा उजेड असं ठरलेलं सांगत गेले. रिगाचं नाव निघालं की म्हणायचे, "तिथे हवा खराब होती." आणि पुढच्या बंदराकडे वळायचे. हवा खराब होती हे खोटं नाही. पण बाल्टिकच्या त्या दहा दिवसांतला मला नीट आठवतो तो तेवढाच दिवस. बाकीचे दिवस फोटो बघितल्याशिवाय आठवत नाहीत.

आम्ही चौघं होतो. मी, माझा नवरा हेमंत, आमची मुलगी रिया आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी ईडन प्रेरीला आमच्याकडे आलेली माझी आई. आई एकोणऐंशी वर्षांची. तिने जहाज कधी आतून पाहिलं नव्हतं, म्हणून क्रूझ. रिया मिनीॲपोलिसच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिने आजीसाठी सुट्टी जुळवून घेतली. आजी आणि नात एका केबिनमध्ये, आम्ही शेजारच्या.

आणखी एक माणूस आमच्याबरोबर होता म्हटलं तरी चालेल. भास्करमामा. आईचा धाकटा भाऊ. अमरावतीला शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, पण महाराष्ट्राबाहेर चार-पाच वेळाच गेला असेल. आई रोज रियाकडून त्याला फोटो पाठवायची आणि तो लगेच आवाजात उत्तर पाठवायचा. "ताई, हे घर लाल का माहीत आहे? तांब्याच्या खाणीतली माती लावतात." आईला ते सगळं ऐकायचं असायचं, आणि जेवणाच्या टेबलावर तो आवाज एवढा मोठा लागायचा की शेजारचं जर्मन जोडपं वळून बघायचं. रिगाच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलं होतं, "ताई, बाल्टिक समुद्र अळणी असतो. नद्यांचं पाणी फार येतं ना. चव घेऊन बघ आणि मला सांग. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण मी काही चाखलेला नाही."

रिगा, सकाळी

रिगाला जहाज समुद्रातून सरळ लागत नाही. दौगावा नदीतून बराच वेळ आत यावं लागतं. दोन्ही काठांना क्रेन, लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग, कोळशाचे ढीग, आणि त्यावर राखाडी आकाश इतकं खाली की क्रेनची टोकं त्यात बुडालेली. ऑगस्टचा शेवट होता. आईने साडीवर रियाचं जाड जॅकेट घातलं होतं, पायात स्पोर्ट्स शूज. आम्ही नाश्त्याला बसलो आणि माझ्या फोनवर नीलेशचा, म्हणजे मामाच्या मुलाचा, मेसेज आला. "ताई, बाबा गेले. फोन कर."

मी कॉफी आणते म्हणून उठले आणि जिन्यात जाऊन फोन लावला. नीलेश शांत होता, फार शांत. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. "इथले चार वाजता न्यायचं ठरलंय. आत्याला तू सांग, मला नाही जमणार. तिला बघायचं असेल तर मी व्हिडिओ कॉल लावतो." मी हिशेब केला. तिथले चार म्हणजे आमचे दीड.

मी परत टेबलावर आले. आई पावाला लोणी लावत होती. तिने विचारलं, "कॉफी कुठाय?"

नाश्त्यानंतर आईला केबिनमध्ये सोडून आम्ही तिघं कॉरिडॉरमध्ये उभे राहिलो आणि मी दोघांना सांगितलं. हेमंतने आधी माझा हात धरला. मग तो म्हणाला, "आत्ता सांगून काय होणार? कुठली फ्लाइट घेतली तरी आज पोहोचता येत नाही. तिचं बीपी किती असतं माहीत आहे तुला. संध्याकाळी जहाजावर परत आलो की डॉक्टरला सांगून ठेवू, मग शांतपणे सांगू."

रिया माझ्याकडे बघत होती. "मॉम, मामाआजोबा तिचे भाऊ आहेत. शी हॅज अ राइट टू नो. नीलेशमामा व्हिडिओ लावणार आहे ना? शी कॅन बी देअर."

"व्हिडिओवर बघणं म्हणजे तिथे असणं नाही, रिया."

"तो डिसिजन तिचा आहे. आम्ही हॉस्पिटलमध्ये फॅमिलीला लगेच सांगतो. ऑलवेज. 'संध्याकाळी सांगू' असं कुणी म्हणत नाही."

"हे हॉस्पिटल नाही," मी म्हटलं. "आपल्याकडे असं करतात. वाटेत असलेल्या माणसाला सांगत नाहीत."

ते मी उगाच म्हणत नव्हते. माझे बाबा गेले तेव्हा मला फोन आला होता, "बाबा सिरीयस आहेत, निघून ये." मिनीॲपोलिस ते नागपूर, दीड दिवस मी देवाला विनवत होते. घराच्या दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हा कळलं. तो फोन आईनेच करवला होता, मला प्रवासात त्रास नको म्हणून. त्यामुळे मला वाटलं, मी आईचीच रीत पाळते आहे.

"संध्याकाळी," मी म्हटलं. रिया आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने चेहरा धुतला होता.

बाजार

आईला बाजार बघायचा होता. कुठल्याही गावात तिला देऊळ आणि बाजार एवढंच लागतं. रिगाचा बाजार विमानाच्या हँगरसारख्या पाच प्रचंड अर्धगोल शेडमध्ये भरतो. एकात मांस, एकात दूधदुभतं, एकात मासे. माशांच्या शेडमधून जाताना आईने नाकाला पदर लावला आणि तरी थांबून थांबून बघत राहिली. धुरावलेले सोनेरी मासे एकावर एक रचलेले. "आपल्याकडच्या पितळी भांड्यांसारखे दिसतात गं," ती म्हणाली.

भाज्यांकडे एक वाकलेली बाई डोक्याला रुमाल बांधून बसली होती. समोर पिवळी जंगली मशरूम, लाल बोरांसारखी फळं आणि हिरव्या जुड्या. आईने एक जुडी उचलली, नाकाशी नेली आणि एकदम ओरडली, "अगं, शेपू!"

शेपूच होता. पुढे ताटात काहीही आलं तरी त्यावर शेपू होता, बटाट्यावर, काकडीवर, सूपमध्येसुद्धा. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. ती बाई जुडीकडे बोट दाखवून म्हणाली, "दिल्लेस."

आई म्हणाली, "दिल्ली नाही बाई, नागपूर."

आई हसली, आणि त्या बाईला काही कळलं नव्हतं तरी तीही हसली. आईने हाताने भाजी निवडायची, चिरायची, फोडणी द्यायची खूण करून दाखवली. त्या बाईने मान हलवून स्वतःची खूण करून दाखवली, बरणीत घालायची, वर मीठ, वर पाणी. दोघींनी एकमेकींना पाककृती सांगितली. मी मागे उभी राहून बघत होते. घड्याळात साडेदहा. म्हणजे अमरावतीला एक. घरात बायका जमल्या असतील. सुशीलामामी कुठे बसली असेल, तिला कुणी पाणी दिलं असेल का, असं मनात येत होतं. मामाचं माझ्या लग्नातलं रडणं आठवत होतं. मला रडायला जागा नव्हती. मी मशरूमचे फोटो काढत राहिले.

आईने काळा पाव खाल्ला आणि आंबट चेहरा करून म्हणाली, "इडलीचं पीठ आंबवून भाजल्यासारखा आहे, पण बरा लागतो." आणि मग, "समुद्र कुठाय? भास्करला सांगायचंय ना."

रिया मागे वळून काकड्या बघायला लागली.

मी हेमंतकडे बघितलं. त्याने आधीच तिकिटं शोधून ठेवली होती. रिगा शहरातून लोकल गाडीने अर्ध्या तासावर यूरमला नावाचं किनाऱ्याचं गाव आहे. सात वाजेपर्यंत जहाजावर परत यायचं होतं, वेळ भरपूर होता.

यूरमला

गाडी पाइनच्या जंगलातून जाते. डब्यात म्हातारी माणसं, टोपल्या, एक ओला कुत्रा. आम्ही घाईने एक स्टेशन आधीच उतरलो. मग बारीक पावसात लाकडी नक्षीच्या जुन्या बंगल्यांमधून चालत जावं लागलं. कितीतरी बंगले बंद होते, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. हेमंत सारखा सॉरी म्हणत होता आणि आई म्हणत होती, "अरे, चालायला काय झालंय मला?" ती खरंच रोजच्यापेक्षा भरभर चालत होती.

किनारा आला तेव्हा मी आधी समुद्र शोधला. मैलोन्मैल पांढरी वाळू, आणि तिच्यापुढे तेवढंच सपाट, राखाडी पाणी. लाट अशी नाहीच. कोकणातला समुद्र पाहिलेल्या माणसाला हे मोठं तळं वाटेल. फार दूरवर काही माणसं पाण्यात उभी होती आणि पाणी त्यांच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं. इथे समुद्र खोल होतच नाही म्हणे, चालत राहावं लागतं.

आईने बूट-मोजे काढले, साडी वर खोचली आणि निघाली. रिया तिच्याबरोबर. हेमंत छत्री घेऊन काठावर. एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"मी बाथरूम शोधते," असं सांगून मी कपडे बदलायच्या पत्र्याच्या आडोशात गेले. फोन वाजला. नीलेशच्या मित्राने हातात धरलेला कॅमेरा हलत होता. पाऊस अमरावतीलाही होता. पत्र्याची शेड, छत्र्या, माणसांच्या पाठी. चित्र थांबायचं, आवाज पुढे जायचा, मग चित्र उडी मारून पुढे यायचं. नीलेश पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर मडकं. कुणीतरी म्हणालं, "इकडून, इकडून." मी फोन कानाशी घट्ट धरला, परत डोळ्यांपुढे आणला. ओठ दाताखाली धरून रडले. आडोशाबाहेर एक बाई आपला नंबर लागायची वाट बघत उभी होती. चार मिनिटांनी कॉल तुटला. मी परत लावला नाही.

मी बाहेर आले तेव्हा आई पाण्यात पन्नास-साठ पावलं आत होती आणि वाकून ओंजळ भरत होती. तिने चाखलं. मग तिचा आवाज काठापर्यंत आला, "अगं, खरंच! अळणीच आहे! भास्कर बरोबर बोलला!" ती लहान मुलीसारखी हसत होती. "रिया, फोटो काढ माझा. ओंजळीसकट काढ. लगेच पाठव त्याला."

रियाने फोन वर केला. फोटो काढला. मग फोन खाली केला आणि तशीच उभी राहिली. आई म्हणाली, "पाठवलास?" रियाने मान हलवली, हो नाही काहीच नाही, आणि तिचे खांदे हलायला लागले.

"काय झालं? ए राणी, काय झालं?"

मी बुटांसकट पाण्यात गेले. माझ्या मनात संध्याकाळसाठी वाक्यं तयार होती, डॉक्टर, पलंग, पाण्याचा ग्लास. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. मी म्हटलं, "आई, भास्करमामा गेला."

आईच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. तिने आधी रियाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधी?"

"आज पहाटे."

"तुला कधी कळलं?"

"नाश्त्याच्या वेळी."

"आणि नेलं कधी?"

"आत्ता," मी म्हटलं. "दीड वाजता."

ती काही क्षण मोजत असल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी हसत होते तेव्हा."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला, जोराने नाही, पण घेतला. आणि ती वळून आत चालायला लागली. मी हाका मारत होते, हेमंत छत्री टाकून धावला. "कुठे चाललीस आई?" ती न वळता म्हणाली, "ऐकल्याबरोबर आंघोळ करायची असते."

ती चालत राहिली आणि पाणी गुडघ्यावर काही येईना. कुठेतरी उलट वाळूचा उंचवटा लागून ते घोट्यापर्यंत खाली आलं. बुडी मारायला पाणीच नव्हतं. शेवटी ती आहे तिथेच खाली बसली, साडी आणि रियाच्या जॅकेटसकट, आणि ओंजळीने डोक्यावर पाणी ओतायला लागली. पाणी थंड होतं. दर ओंजळीला तिचा श्वास अडकत होता. तिचे ओठ हलत होते, ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही.

रिया पळत गेली आणि तिच्या शेजारी पाण्यात बसली. आजीच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याही डोक्यावर पाणी घेतलं. मी दहा पावलांवर उभी होते. मला पुढे जाता येईना.

काठावर माणसं थांबून बघायला लागली होती. आडोशाबाहेर उभी असलेली ती बाई, साठीच्या पुढची, जाडजूड, आपला टर्किश टॉवेलच्या कापडाचा लांब अंगरखा घेऊन सरळ पाण्यात आली. तिने काही विचारलं नाही. रियाने आणि तिने आईला दोन्हीकडून उठवलं, अंगरखा गुंडाळला आणि तिने आईचे तळवे आपल्या तळव्यांत घासले. काठावर आल्यावर तिने थर्मासमधून काळा चहा दिला. आम्ही अंगरखा परत करायला लागलो तर तिने हाताने सांगितलं, न्या. आमच्यातल्या कुणालाही तिचं नाव विचारायचं सुचलं नाही.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि रिया ते टिपत होती. रिगा जवळ आलं तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुझ्या बाबांच्या वेळी मी तुला असंच आणलं होतं."

"हो. म्हणूनच मला वाटलं..."

"त्यानंतर चार महिने तू माझ्याशी धड बोलली नव्हतीस. विसरलीस का?"

मी विसरले नव्हते. पण सकाळी कॉरिडॉरमध्ये मला तेवढंच सोडून बाकी सगळं आठवलं होतं.

"तेव्हा मी चुकले होते," ती म्हणाली. "तुला ते माहीत होतं. तरी."

हेमंत म्हणाला, "आई, चूक माझी आहे, मीच म्हटलं तिला की..." आईने हात वर करून त्याला थांबवलं. "तुम्ही जावई आहात. भाऊ तिच्या आईचा होता."

जहाजावर डॉक्टरांनी बीपी बघितलं. ठीक होतं. पुढचे पाच दिवस आई केबिनमध्ये राहिली. स्टॉकहोमला जाताना जहाज हजारो लहान बेटांमधून जातं, लोक पहाटे उठून डेकवर गर्दी करतात, मीही गेले. खूप सुंदर आहे असं ऐकलं होतं. असेल.

ईडन प्रेरी

आईचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं. तिने ते सप्टेंबरचं करायला लावलं, सुशीलामामीजवळ राहायचं म्हणून. आम्ही आग्रह केला नाही. घरात ती माझ्याशी बोलत होती, म्हणजे भाजी कुठली करू, गॅस बंद केलास का, एवढं. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "झालं ते झालं," आणि दोन्ही वेळा खोलीतून उठून गेली.

निघायच्या आदल्या दुपारी मी तिची बॅग भरत होते. मागच्या अंगणातला मेपल एका बाजूने लाल व्हायला लागला होता. ती पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. एकदम म्हणाली, "तू पाहिलंस ना त्या दिवशी? फोनवर?"

मी मान हलवली.

"मग सांग मला."

त्या दिवसानंतर तिने पहिल्यांदाच मला काही मागितलं होतं. मी खाली बसले आणि सांगायला लागले. पाऊस होता. पत्र्याची शेड होती. माणसं बरीच आली होती, शाळेतली जुनी मुलंही असावीत. नीलेशच्या खांद्यावर मडकं होतं. ती प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत होती, हातातली घडी अर्धवट धरून.

"चेहरा कसा होता त्याचा?"

झोपल्यासारखा, असं म्हणणार होते मी. ते सगळेच म्हणतात. शब्द ओठांवर आला होता. पण तिला पुन्हा काही वेगळं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"दिसला नाही, आई. खूप माणसं होती मध्ये."

"चष्मा काढला होता का? तो चष्मा घालूनच झोपून जायचा. मी काढून ठेवायची."

"मला माहीत नाही."

"कपाळाला गंध?"

"कॉल तुटला गं. मी चारच मिनिटं बघितलं. परत लावला नाही."

आईने ती घडी पूर्ण केली, बॅगेत ठेवली, वरून हाताने दाबली. चेन तिला ओढता येईना. मी हात पुढे केला, पण तिने जिन्याकडे तोंड करून रियाला हाक मारली.